मुलांचे शुद्धलेखन आणि मोठ्यांचे कर्तव्य

प्राथमिक शाळेतील मुलांस शुद्धलेखन कसे शिकवावे, हा विषय अग्रलेखास शोभण्याजोगा नाही, तो मास्तरांनी मास्तरांपाशी बोलावा, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. भाताचा भाव, मासळीचा लिलाव, मांडव्याच्या बोटीची वेळ हे सगळे बाजूस ठेवून वेलांटी पहिली की दुसरी याचा खल करण्यास संपादकांस फुरसत तरी कशी मिळते, असेही कोणी विचारील. यास आमचे उत्तर असे की, वेलांटी ही वस्तू लहान खरी. पण तिच्यापायी आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ मुले लिहिण्यास भितात. जो लिहिण्यास भितो तो पुढे अर्ज करण्यास भितो, तक्रार करण्यास भितो, सात-बाराच्या उताऱ्यावर काय लिहिले आहे हे विचारण्यासही भितो. मग तो दुसऱ्याकडून लिहून घेतो आणि दुसरा बोट ठेवील तेथे सही करतो. ज्या जिल्ह्यात खोतांच्या कागदांवर कुळांचे अंगठे उठत आले, आणि ज्या जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप करून खोतीविरुद्ध झुंज दिली, तेथे अक्षराचे मोल निराळे सांगावयास नको. त्या लढ्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ पत्र सुरू केले, ते काही हौसेखातर नव्हे. तेव्हा हा प्रश्न केवळ शाळेच्या चार भिंतींतला नाही, अशी आमची समजूत आहे.

प्रथम रोग कोणता ते नीट पाहू. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत खाडीकाठच्या आणि बंदरांच्या गावांतील कोणत्याही शाळेची वही उघडावी. तीत दोन प्रकारच्या चुका सापडतील, आणि दोन्हींखाली तांबड्या शाईची एकसारखी रेघ ओढलेली आढळेल. वास्तविक या दोन चुकांचे कूळ अगदी भिन्न आहे.

पहिल्या प्रकारची चूक कानाची आहे. आगरी वा कोळी घरातील मूल ‘पाणी’ म्हणत नाही, ‘पानी’ म्हणते. त्याचा ‘काळा’ हा ‘काला’ असतो, ‘होडी’ ही ‘होरी’ असते, आणि ‘गाडी’ ही ‘गारी’ असते. त्याच्या आईची, आजीची, बंदरावरच्या नाखव्याची बोली तीच. शाळेत त्यास पहिल्या दिवशी सांगण्यात येते की, जसे बोलावे तसे लिहावे, हाच आपल्या लिपीचा गुण. मूल ती आज्ञा इमानेइतबारे पाळते व ‘पानी’ असे लिहिते. यावर त्याची वही तांबडी होते. मुलाने आज्ञा मोडली असती तर शिक्षा समजण्यासारखी होती. येथे आज्ञा पाळल्याबद्दल शिक्षा होते! त्या मुलाच्या मनात यातून एकच गोष्ट उतरते, ती ही की, आपल्या घरी जे बोलतात ते सारेच चूक आहे.

दुसऱ्या प्रकारची चूक डोळ्याची आहे. ‘दूध’ या शब्दात उकार दुसरा, आणि ‘दुधाचा’ या शब्दात पहिला. ‘मीठ’ दीर्घ, ‘मिठात’ ह्रस्व. येथे घर आगऱ्याचे असो, ब्राह्मणाचे असो, की गुजराती व्यापाऱ्याचे असो, मूल सारखेच चुकते. कारण, मराठी बोलताना इकार-उकाराची लांबी आपण अर्थासाठी वेगळी राखत नाही. ती शब्दातील जागेप्रमाणे आपोआप कमीजास्त होते. ‘कवि’ आणि ‘कवी’ असे दोन्ही लिहून मोठ्याने वाचावयास दिले, तर कोणताही मराठी माणूस दोहोंचा उच्चार एकच करील. अशा स्थितीत मास्तर मुलास म्हणतात, “नीट ऐक आणि लिही.” बिचाऱ्याने ऐकावे तरी काय? जे कानास ऐकू येतच नाही ते कितीही कान टवकारले तरी ऐकू येणार नाही.

पहिल्या चुकीस उपाय कानाचा व जिभेचा. दुसऱ्या चुकीस उपाय नियमाचा व डोळ्याच्या सवयीचा. आपल्या बहुतेक शाळांतून मात्र दोहोंस औषध एकच चालते. चुकलेला शब्द दहा वेळा, वीस वेळा लिहून काढ! वैद्य खोकल्यास व मोडलेल्या हाडास एकच मात्रा देऊ लागला तर आपण त्यास गावात राहू देणार नाही. वीस वेळा लिहिल्याने हात दमतो आणि मन विटते. तिसऱ्या ओळीपासून मूल शब्द पाहण्याचे सोडून वरच्या ओळीची नक्कल करू लागते, आणि वरच्या ओळीत चूक झाली असेल तर तीच सतरा वेळा पक्की होते. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. छडी गेली हे चांगलेच झाले. पण छडीची जागा तांबड्या शाईने घेतली असेल, तर कायद्याचा हेतू सिद्धीस गेला असे म्हणवत नाही.

आता कोणी म्हणेल, इतका त्रास आहे तर नियमच कशास पाहिजेत? आपले वाडवडील ह्रस्वदीर्घावाचून व्यवहार करीतच होते. हा आक्षेप पोकळ नाही. आमच्या व्यापारी वाचकांच्या घरी जुन्या वह्या, खतपत्रे असतील तर त्यांनी ती काढून पाहावीत. ती मोडी लिपीत असणार, आणि मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नसे. हात न उचलता भरभर लिहिण्याची ती लिपी. तिच्यात एकाच वेलांटीवर आणि एकाच उकारावर काम भागे. आंग्र्यांच्या राज्यातील कागदपत्रे, बंदरांचे हिशेब, सावकारांची खाती तशीच चालली, आणि वेलांटी चुकली म्हणून कोणाचे गलबत बुडाल्याचे ऐकिवात नाही.

मग फरक कोठे पडला? तो छापखान्याने पाडला. मोडी कागद बहुधा ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसास लिहिलेला असे. वाचणारास विषय ठाऊक, हस्ताक्षर ठाऊक, माणूसही ठाऊक. छापील पुस्तक अनोळखी माणसाच्या हाती जाते. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, आणि मेजर कँडींच्या देखरेखीखाली शाळांची क्रमिक पुस्तके तयार होऊ लागली, तेव्हा कोणता शब्द कसा लिहावा हे कोणास तरी ठरवणे भाग पडले. कोशात शब्द शोधावयाचा तर तो एकाच ठिकाणी सापडला पाहिजे. लेखनाचे नियम या गरजेतून निघाले आहेत. ते वेदांतून आलेले नाहीत, आणि आकाशवाणीनेही झालेले नाहीत.

ते माणसांनी ठरवले याचा पुरावा असा की, माणसांनीच ते बदलले. स्वातंत्र्यापूर्वीचे कोणतेही वर्तमानपत्र उघडून पाहावे. त्यात ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तेथें’ अशी अनुस्वारांची पखरण दिसेल. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, आणि जे अनुस्वार उच्चारात उरले नव्हते ते लेखनातूनही निघून गेले. ‘कांदा’ या शब्दातला अनुस्वार राहिला, कारण तो आपण उच्चारतो. ‘नांव’ या शब्दातला गेला, कारण तो आपण उच्चारीत नाही. म्हणजे जे मूल १९५० साली ‘पांच’ लिहून पूर्ण गुण मिळवीत होते, तेच मूल आज तसेच लिहील तर चुकेल. आणि आज जे बरोबर ठरते ते त्या काळी चूक ठरले असते. यात पाप कोठे आहे आणि पुण्य कोठे? जर्मन लोकांनीही १९९६ साली आपल्या लेखनाचे नियम बदलले, आणि त्यावर बराच गदारोळ झाल्यानंतर २००६ साली त्यांत पुन्हा दुरुस्ती केली. जिवंत भाषांत हे चालावयाचेच.

पेठेतल्या वाचकांस ही गोष्ट मापाच्या दाखल्याने चटकन पटेल. एके काळी आपल्याकडे मण आणि शेर होते, आणि एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेरास जुळत नसे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो सर्वत्र झाला. म्हणून काय जुना शेर अशुद्ध होता, आणि त्याने मोजलेला तांदूळ विटाळलेला होता? तसे कोणीच म्हणत नाही. किलो सर्वांनी मान्य केला, म्हणून पेणचा व्यापारी आणि नागपूरचा गिऱ्हाईक परस्परांवर विश्वास ठेवू शकतात, इतकेच. लेखनाचा नियम हे असेच मान्य माप आहे. ते सर्वांस सारखे लागू असावे, सर्वांस शिकण्यास मोकळे असावे, आणि ज्याच्या घरी जुने माप आहे त्यास कोणी हीन लेखू नये.

दुर्दैवाने आपल्याकडे या मापाचा उपयोग तोलण्यापेक्षा हाणण्यासाठीच अधिक झाला. जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. तीत मांडलेल्या प्रश्नांस उत्तर देण्यापेक्षा त्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर बोट ठेवून हसणे विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारख्या समर्थ लेखकासही सोपे वाटले. शास्त्रीबोवांचे मराठी गद्यावरील ऋण आम्ही नाकारीत नाही; पण त्या हसण्याने एक वाईट पायंडा पडला. लिहिणारा काय म्हणतो हे ऐकण्याआधी तो कसे लिहितो हे पाहावयाचे, आणि तेथे खोट निघाली की त्याचे म्हणणेच खोटे ठरवावयाचे! तिसरीतले कोळ्याचे पोर ‘माजा बा होरी घेऊन गेला’ असे लिहिते, आणि मास्तर त्याच्या बापाची चौकशी न करता ‘होरी’खाली रेघ ओढतात, तेव्हा त्या वर्गात हाच पायंडा चालू असतो. ज्या बहिणाबाई चौधरींस लिहिता-वाचता येत नव्हते, आणि ज्यांची गाणी खानदेशी बोलीत आहेत, त्यांच्या संग्रहापुढे १९५२ पासून सारा महाराष्ट्र नतमस्तक आहे. बोली अशुद्ध असती तर हे कसे झाले असते?

तथापि याच्या उलट टोकास जाऊन, नियम शिकवणे म्हणजेच बहुजनांच्या मुलांवर जुलूम, असे जे काही उदार गृहस्थ म्हणतात, त्यांचेही म्हणणे आम्हांस मान्य नाही. त्यांची स्वतःची मुले प्रमाणलेखन घरीच शिकतात. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्यास ते शिकवणारी जागा शाळा हीच एक. शाळेनेही दया म्हणून ते शिकवले नाही, तर दहावीच्या उत्तरपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात, स्पर्धापरीक्षेत त्या मुलास जो दंड बसतो तो हे गृहस्थ भरावयास येत नाहीत. मुलावर खरी दया करावयाची असेल तर नियम त्यास पूर्ण शिकवावेत, आणि ते न दुखवता शिकवावेत.

प्रमाणलेखन ही कोणा एका जातीची वतनदारी नाही, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. ‘मराठी लेखनमार्गदर्शिका’ आणि ‘मराठी शब्दलेखनकोश’ ही पुस्तके आज शिक्षकांच्या आणि मुद्रितशोधकांच्या हाताशी असतात. ती लिहिणाऱ्या यास्मिन शेख या १९२५ साली यहुदी कुटुंबात जन्मलेल्या. विवाहानंतर त्यांचे नाव यास्मिन शेख झाले. आणि मराठीचे व्याकरण त्या जन्मभर शिकवीत आल्या. आपल्या किनाऱ्यास याचे नवल वाटू नये. अलिबागजवळचे नवगाव हे ज्यांचे आद्य वसतिस्थान मानले जाते, त्या बेने इस्राएल मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या मराठी हीच आपली भाषा मानली. माप ज्यास शिकावयाचे असेल त्याचे आहे.

आता उपायाकडे वळू. टीका करून मोकळे होणे हे वर्तमानपत्रास सोपे असते. म्हणून आम्ही चार गोष्टी नेमक्या सांगतो, आणि त्यांत चूक असेल तर अनुभवी शिक्षकांनी ती अवश्य दाखवावी.

पहिली गोष्ट कानाची. पहिली-दुसरीत न आणि ण, ल आणि ळ, र आणि ड यांचा भेद आधी ऐकवावा, मग बोलवून घ्यावा, आणि त्यानंतर लिहवून घ्यावा. ण आणि ळ उच्चारताना जिभेचे टोक मागे टाळूकडे वळते, हे मास्तरांनी तोंड उघडून दाखवावे. मुलांस त्याची गंमतच वाटेल. आणि अर्थ बदलतो अशा जोड्या द्याव्यात. ‘मन’ आणि ‘मण’, ‘माल’ आणि ‘माळ’, ‘काल’ आणि ‘काळ’, ‘तन’ आणि ‘तण’, ‘वारी’ आणि ‘वाडी’. दुकानात माल येतो आणि गळ्यात माळ येते, हे ज्या मुलास एकदा हसत हसत कळले त्यास रेघ ओढून सांगावे लागत नाही. दर्याकाठच्या मुलास तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांहून चांगली जोडी कोणती मिळणार? एकात होड्या चालतात, दुसऱ्यांत ओढे वाहतात. भेद केवळ र कसा जोडला एवढाच. हे शिकवताना ‘घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात’ असे सांगावे. ‘पानी हे चूक’ असे म्हणू नये. दोन घरचे दोन रिवाज मूल सहज पाळते. आपलेच घर खोटे, हे मात्र ते सहज पचवीत नाही.

दुसरी गोष्ट नियमाची. ह्रस्वदीर्घासाठी पहिल्या दोन इयत्तांत एकही गुण कापू नये. त्या वयात वेलांटी हाच एक पेच असतो. ‘कि’ लिहिताना जी खूण नंतर उच्चारावयाची ती आधी काढावी लागते. याच अडचणी पाहून सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचवली, आणि याच जिल्ह्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनीही लोकनागरीच्या रूपाने लिपी सुलभ करण्याचा प्रयत्न केला. त्या सुधारणा रूढ झाल्या नाहीत. पण थोरांस जी अडचण वाटली ती सहा वर्षांच्या मुलास वाटली तर नवल नाही. तिसरीपासून मात्र महिन्यास एक नियम घ्यावा, आणि तो मुलाच्या जगातील शब्दांनी घ्यावा. शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि शेवटचा उकार दुसरा: होडी, जाळी, पेरू, कवी, ‘आणि’, ‘परंतु’ असे थोडे अपवाद. शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: मीठ, शीड, सूत, पीठ, तूप, दूध. त्याच शब्दास प्रत्यय लागला की तो ह्रस्व: मिठात, शिडाला, सुताने, पिठात, तुपाचा, दुधाला. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा ह्रस्व: दिवा, किडा, विळी, महिना. मिठागरे आणि शिडे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहेत त्या मुलांस या चार नियमांवर वर्षभर खेळवले, तर चौथी संपेपर्यंत निम्म्याहून अधिक भीती गेलेली असेल, असा आमचा भरवसा आहे.

उरली ती संस्कृतातून जशीच्या तशी आलेल्या, म्हणजे तत्सम शब्दांची अडचण. त्यांस वरील नियम लागत नाहीत. म्हणून दळलेल्या ‘पिठात’ वेलांटी पहिली आणि मुंबई ‘विद्यापीठात’ दुसरी! पेणच्या कारखान्यांतून जी निघते ती ‘मूर्ती’, तिला रंगवणारा तो ‘मूर्तिकार’. नऊ वर्षांच्या मुलास कोणता शब्द संस्कृत आणि कोणता मराठी हे कोणी सांगावे? या अपवादांचा भार कमी करून सर्व शब्दांस एकच नियम लावावा, असे म्हणणारे आहेत, आणि आमचा कल त्यांच्याकडे आहे. परंतु तो निर्णय भाषातज्ज्ञांनी व शासनाने करावयाचा आहे. तो होईपर्यंत हे शब्द नियमाने न शिकवता ओळखीने शिकवावेत. आठवड्यास पाच शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून आठवडाभर राहू द्यावेत. डोळा त्यांस आपोआप सरावेल.

तिसरी गोष्ट श्रुतलेखनाची. आपल्याकडे श्रुतलेखन म्हणजे मुलास पकडण्याचा सापळा झाला आहे. न पाहिलेला उतारा भरभर सांगावयाचा, आणि मग चुका मोजावयाच्या. ते उलटे करावे. उतारा आदल्या दिवशी वाचून घ्यावा, त्यातील अवघड जागा मुलांनीच शोधाव्यात, दुसऱ्या दिवशी तोच पाच-सहा ओळींचा उतारा सांगावा, आणि मुलाने पुस्तक उघडून आपली वही आपणच तपासावी. आपली चूक आपण हुडकणे यातच निम्मे शिक्षण आहे. निबंधाच्या वहीत तर विचारास गुण वेगळे आणि लेखनास वेगळे असावेत. बापाच्या होडीविषयी ज्याने पानभर लिहिले, त्यास आधी ‘छान लिहिलेस’ हे दोन शब्द मिळाले पाहिजेत.

चौथी गोष्ट शिक्षकांची. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? शिक्षकांस दोष देणे हा आमचा हेतू नाही. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता, त्यांत जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते. या ओझ्याखाली वह्या तपासून होतात हेच पुष्कळ. पण केंद्रांच्या शिक्षण परिषदा भरतात, त्यांतील एक तास वर्षातून चार वेळा तरी या विषयास द्यावा. २०२१ पासून चाललेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरी संपेपर्यंत मुलास समजून वाचता यावे व हिशेब यावा असे ध्येय आहे. न भिता चार ओळी लिहिता येणे हेही त्याच तोलाने मोजले जावे.

येथवर शाळेचे झाले. पण मूल शाळेत पाच-सहा तास असते. उरलेला दिवस ते आपल्या गावात असते, आणि गाव त्यास रात्रंदिवस वाचावयास देत असते. २०२२ साली दुकानांच्या पाट्या मराठी देवनागरीत असाव्यात असा कायदा सर्व लहानमोठ्या दुकानांस लागू झाला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांस त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या मराठी झाल्या ही आनंदाची गोष्ट. पण मराठी अक्षरांत ‘दुध’ लिहिले तर ती पाटी शाळेच्या विरुद्ध साक्ष देते. चौकातल्या फलकावर ‘हार्दीक’, कचेरीच्या भिंतीवर ‘सुचना’, लग्नपत्रिकेवर ‘आशिर्वाद’, आणि पुढाऱ्याच्या स्वागतास ‘निवडणुक’ असे वाचीत वाचीत मूल शाळेत येते. तेथे ‘हार्दिक’, ‘सूचना’, ‘आशीर्वाद’, ‘निवडणूक’ असे लिहिले नाही म्हणून मार खाते ते मूल. पाटी रंगवणारास कोणी विचारीत नाही! डोळ्याच्या सवयीने जे शिकावयाचे, ते गावाने डोळ्यांपुढे चुकीचे टांगून ठेवावे, आणि शाळेने चूक मुलाच्या माथी मारावी, हा न्याय कोणत्या देशचा?

त्यात आता भ्रमणध्वनीची भर पडली आहे. घरोघरी निरोप रोमन अक्षरांत लिहिले जातात, आणि त्या अक्षरांत न-ण, ल-ळ यांचा भेद उरतच नाही. ‘पाणी’ आणि ‘पानी’ तेथे एकच. या यंत्रास दोष देऊन उपयोग नाही. त्याच यंत्रात देवनागरीचा कळफलक आहे आणि तो फुकट आहे. आईबापांनी आपल्या मुलांस निदान देवनागरीत निरोप धाडावेत. एवढ्याने देखील मुलाच्या डोळ्यांस दिवसातून दहा वेळा ळ आणि ण दिसेल.

सारांश, आमचे मागणे मोठे नाही. जिल्हा परिषदेने पहिली-दुसरीत ह्रस्वदीर्घाचे गुण न कापण्याची सूचना शाळांस द्यावी, आणि बोलीतील शब्दास ‘चूक’ न म्हणता त्याचे प्रमाणरूप शेजारी लिहिण्याची पद्धत घालून द्यावी. नगरपालिका व ग्रामपंचायतींनी आपले फलक रंगवण्यापूर्वी गावातील एखाद्या शिक्षकाकडून वाचून घ्यावेत. आणि व्यापारी मंडळींनी दोन गोष्टी कराव्यात: आपल्या पाटीवरील शब्द एकदा कोशात पाहून घ्यावेत, आणि आपल्या पेठेतील प्रत्येक प्राथमिक शाळेस एकेक शब्दलेखनकोश भेट द्यावा. अरुण फडके यांची खिशात मावणारी लहान पुस्तिका किंवा वाळंब्यांचे व्याकरण जोडीस दिले तर अधिकच उत्तम. वाढदिवसाचा एक फलक चौकात चार दिवस फडकतो व पाचव्या दिवशी पावसात भिजतो. त्याच्या खर्चात एका शाळेच्या कपाटात दहा वर्षे पुरेल असे पुस्तक येते. अलिबाग, पेण, मुरुड, उरण, श्रीवर्धन येथील व्यापारी संघांनी हे काम वाटून घेतले, तर पुढच्या जूनपर्यंत ते पुरे होण्यास काही हरकत दिसत नाही. प्रारंभ कोणती पेठ करते ते आम्ही उत्सुकतेने पाहत आहोत, आणि जी करील तिची वार्ता याच स्तंभात आनंदाने देऊ.